कर्मवीर भाऊराव पाटील

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. कुंभोज हे त्यांचे आजोळ. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुक या गावचे. वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत होते. शेतात राबणारी रयत कशी जगते, विहिरीवर कोणाला पाणी भरता येते आणि कोणाला तिष्ठत उभे राहावे लागते, हे भाऊरावांनी बालपणीच पाहिले आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले.

पुढे ते शिकण्यासाठी कोल्हापुरास गेले. राजाराम हायस्कुलात त्यांनी नाव घातले आणि राहण्याची सोय जैन वसतिगृहात झाली. अभ्यासापेक्षा कुस्तीच्या आखाड्यात त्यांचे मन अधिक रमे. त्या सुमारास अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात एक वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव आनंदाने गेले. परत आल्यावर, स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनास बसता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले. त्याची शिक्षा म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले. परगावी आलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे छप्पर नाहीसे झाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. परंतु विद्यार्थ्याला घर नसणे म्हणजे काय, याचा अनुभव भाऊराव जन्मभर विसरले नाहीत.

उदरनिर्वाहासाठी त्यांनी पुष्कळ उद्योग केले. काही काळ ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडत. शेतकऱ्याची मुले हुशार असूनही निरक्षर राहतात, कारण खेड्यात शाळा नाही आणि शहरात राहावयास जागा नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. केवळ शाळा काढून भागणार नव्हते. मुलांना दोन वेळचे अन्न आणि निजावयास जागा मिळाली, तरच ती शिकणार होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले त्यात एकत्र राहू लागली, एकत्र स्वयंपाक करू लागली आणि एकाच पंक्तीला जेवू लागली. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मुले वाढली, तसा खर्चही वाढला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांना आपली मुले मानले. धान्य संपे, तेव्हा त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई. एकदा घरात काहीच उरले नाही. मुले उपाशी राहतील, हे पाहून त्या माउलीने आपले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. वसतिगृहातील मुले पोरकी झाली. पण भाऊरावांनी दुःख गिळून काम चालू ठेवले.

पैशाची वाण श्रमाने भरून काढावी, हा त्यांचा मार्ग होता. मुले शेतात काम करीत, माती वाहत, दगड फोडीत आणि बांधकामावर हात चालवीत. ज्या इमारतीसाठी आपण दगड वाहिले, तिच्याविषयी माणसाला ममत्व वाटते आणि श्रमाची लाजही उरत नाही, असे भाऊराव मानीत. गावोगावी त्यांनी मुष्टिफंड चालू केला. गृहिणी दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवीत आणि साठलेले धान्य वसतिगृहास मिळे. श्रीमंतांच्या थैलीपेक्षा गरिबांच्या मुठीवर त्यांचा भरवसा अधिक होता.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. काम करावे आणि त्या कमाईवर शिकावे, ही योजना येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीही लागू झाली. कॉलेजचे नाव बदलल्यास मोठी देणगी देऊ, असे एका धनिकाने सुचविले. शिवाजी महाराजांचे नाव काढून टाकण्यास भाऊरावांनी ठाम नकार दिला. पुढे, १९४८ च्या सुमारास, त्यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे सरकारी अनुदान बंद झाले. शाळा व वसतिगृहे बंद पडण्याची वेळ आली. तथापि भाऊराव डगमगले नाहीत. गाडगे महाराजांसारखे संत त्यांच्या पाठीशी उभे राहिले, लोकांनी हात दिला आणि कालांतराने अनुदानही पुन्हा मिळू लागले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. स्वतः ज्यांना मॅट्रिकही होता आले नाही, त्यांचा हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्या वृक्षाप्रमाणेच संस्थेच्या पारंब्या महाराष्ट्रभर रुजल्या.

आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी माकणी हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या परिसरात भयंकर भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्या वेळी महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी निधी जमविला, धान्य व कपडे गोळा केले. कित्येकजण स्वतः येऊन मदतीच्या कामाला लागले. भाऊरावांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून विद्यार्थ्याने हातात घमेले घ्यावे, यात कमीपणा नाही, हा त्यांचा धडा मात्र मागे राहिला होता. ज्याला एके दिवशी वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्या मुलाने हजारो मुलांना घर दिले. म्हणूनच लोक त्यांना आदराने कर्मवीर म्हणतात.