स्कुटारीच्या दारातील प्रतीक्षा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेतलेली एक मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या दिव्याआधीचे काही दिवस मात्र सहसा कोणी सांगत नाही.

12 मे 1820 रोजी संपन्न घराण्यात जन्मलेल्या या बाईंना 1837 साली देवाचे पाचारण झाल्याची जाणीव झाली. घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी 1851 साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे डीकनेस भगिनींमध्ये राहून रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. पुढे क्रिमियन युद्ध पेटले, आणि 1854 च्या नोव्हेंबरात 38 परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या.

त्यांना सरकारने धाडले होते, हेच डॉक्टरांना रुचले नाही. आपल्या कारभारावर नजर ठेवण्यास ही बाई आली, अशी शंका काहींना आली. आपल्या मिशन हॉस्पिटलांच्या कमिटीच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही शंका अपरिचित नसावी! बाईंनी काय केले? डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज कोणीही वॉर्डात पाऊल ठेवू नये, अशी आज्ञा त्यांनी आपल्याच परिचारिकांना दिली. पलीकडे जखमी विव्हळत असता या स्त्रिया चादरी निवडीत आणि झोळ्या शिवीत बसल्या. त्यांना ती आज्ञा निर्दयपणाची वाटली. वाचकहो, मलाही ती आजवर खटकते. परंतु बालाक्लावा व इंकरमन येथील जखमींचा लोंढा आला, आणि डॉक्टरांनी स्वतः होऊन त्यांना बोलाविले.

दुसरी भिंत कोठाराची होती. सामान येऊन पडले, तरी अधिकाऱ्यांच्या समितीने पाहणी केल्यावाचून ते हलत नसे. बाईंच्या हाती वर्तमानपत्राने जमविलेला निधी होता. त्यातून त्यांनी बाजारातून वस्तू आणविल्या. मात्र डॉक्टरची मागणी असल्याखेरीज त्या वस्तू देत नसत. त्यांचा स्वभाव काही मवाळ नव्हता. मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. जॉन हॉल यांच्याशी त्यांचे कधीच जमले नाही.

एवढे करूनही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच राहिले. 1855 च्या मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ करविली, आणि उन्हाळ्यापर्यंत मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासमवेत आकडे मांडताना बाईंना कळले की, जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक दगावले होते, आणि हे आपल्या देखत घडले होते. तो घाव त्यांनी लपविला नाही. 1858 साली त्याचीच आकृती काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवली. सर्व इस्पितळांनी दाखल झालेले, बरे झालेले व मृत रुग्ण एकाच नमुन्यात नोंदवावेत, ही त्यांची सूचना 1860 साली लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे आली. डॉक्टर आणि कारभारी या दोघांनाही निमूटपणे वाचावा लागेल असा तो कागद होता.

पुढील अनेक वर्षे त्यांनी आजारपणात, खोलीतूनच काम केले. 13 ऑगस्ट 1910 रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कबरीवर नावाची केवळ आद्याक्षरे कोरलेली आहेत.