डब्ल्यू. ओ. बेंटले

वॉल्टर ओवेन बेंटले यांचा जन्म १८८८ चा, लंडनचा. सोळाव्या वर्षी डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले. १९१९ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली. त्यांची साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरची गाडी मुलांना जरूर सांगावी. तिच्या इंजिनात वरचा कॅमशाफ्ट फिरवायला साखळी नव्हती, तीन दांडे होते. आगगाडीची चाकं जोडणाऱ्या दांड्यांसारखेच! रेल्वेतली उमेदवारी इथं दिसते, असं मला वाटतं. तिच्याच ‘स्पीड सिक्स’नं १९२९ आणि १९३० ला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पैशाचं गणित मात्र बेंटलेंना जमलं नाही. १९३१ मध्ये कंपनी प्रतिस्पर्धी रोल्स-रॉइसनं घेतली, आणि तिथंच त्यांना नोकरी करावी लागली. १९३५ मध्ये ते लगोंडाकडे गेले. त्यांचं नाव मागंच राहिलं, दुसऱ्यांच्या गाड्यांवर.