उंबरठ्याआतील अन्यायाला कायद्याचा चाप

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव निघाले की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे राधानगरीचे धरण, खासबागेचे कुस्ती मैदान, विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा उभा राहतो. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून याच कामगिरीची उजळणी होते आणि ती योग्यच आहे. मात्र कारकिर्दीच्या अखेरच्या पर्वात, १९१७ ते १९२० या अवघ्या तीन-चार वर्षांत, महाराजांनी स्त्रियांच्या संदर्भात एकापाठोपाठ एक जे कायदे केले, त्यांची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. विधवांचा पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, काडीमोड, स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध आणि जोगतिणींचे वारसाहक्क हे ते विषय होत. घराच्या चार भिंतींआड स्त्रीच्या देहावर व मनावर होणारा अत्याचार हा खासगी मामला नसून सरकारने दखल घ्यावी असा गुन्हा आहे, ही भूमिका करवीर दरबाराने शतकापूर्वी घेतली होती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आई राधाबाई. चौथ्या शिवाजी महाराजांच्या अकाली निधनानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे शाहू असे नामकरण झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेजर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले.

१ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. वधू अद्याप बालिकाच होती. तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. लग्नाच्या अवघे काही दिवस आधी, मार्च महिन्यात, ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने संमतिवयाचा कायदा मंजूर केला होता. शरीरसंबंधास मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय त्याने दहावरून बारा वर्षांवर नेले आणि या मर्यादेतून पतीलाही वगळले नाही. कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूचा पतीच्या जबरदस्तीमुळे झालेला मृत्यू, बेहरामजी मलबारी यांची मोहीम आणि नांदावयास जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवरील मुंबईतील खटला यांनी ही चर्चा पेटविली होती. परकीय सरकारने आमच्या धर्माचारात ढवळाढवळ करू नये, असे म्हणत लोकमान्य टिळकांनी या कायद्याला कडाडून विरोध केला. सोळा वर्षांच्या तरुण छत्रपतींच्या संसाराला सुरुवात झाली ती या वादळाच्या पार्श्वभूमीवर.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती येताच दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे पुढ्यात येऊन ठाकली. त्यातून सावरत असतानाच वेदोक्त प्रकरण उद्भवले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. हा सारा इतिहास सर्वपरिचित आहे. याच वर्षांत स्त्रीशिक्षणाचे काम मात्र फारसा गाजावाजा न होता चालू होते. मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना दरबाराने उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी पाठविले. त्यांनी आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांवर उपचार केले. परपुरुषापुढे दुखणे सांगण्याचा संकोच बाळगून अंगावर काढणाऱ्या स्त्रियांना आपली व्यथा सांगण्यासाठी एक हक्काची जागा त्यामुळे मिळाली.

राजवाड्यातील दुःख

महाराजांच्या सामाजिक विचारांना स्वतःच्या घरातील अनुभवांचीही जोड होती. त्यांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब देवासच्या महाराजांना दिल्या होत्या. हा संसार टिकला नाही आणि त्या कोल्हापुरास परतल्या. पुढे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी देवास दरबारात काही काळ सचिव म्हणून काम केले. त्यांच्या आठवणींमुळे या दुभंगलेल्या संसाराची हकिगत परदेशी वाचकांपर्यंत पोचली.

दुसरा आघात अधिक भीषण होता. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचा विवाह जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवींशी झाला. त्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. वर्ष उलटते न उलटते तोच १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत झालेल्या अपघातात प्रिन्स शिवाजींचा मृत्यू झाला. संसार म्हणजे काय हे उमगण्यापूर्वीच इंदुमतीदेवींना वैधव्य आले. रिवाज पाहता अंतःपुरातील एखाद्या अंधाऱ्या दालनात त्यांचे आयुष्य संपावयाचे. महाराजांनी मात्र राजवाड्यातील विरोध बाजूला सारून सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली. पुढे त्या मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापूरच्या सामाजिक जीवनात त्यांनी आदराचे स्थान मिळविले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. बालविवाहाच्या रूढीतून खुद्द सुधारक राजाचे घरही सुटले नव्हते. विधवा सुनेला शिकविणाऱ्या सासऱ्यानेच तिला दहाव्या वर्षी सून करून आणले होते. महाराजांचे मोठेपण सांगताना हा विरोधाभास झाकून ठेवण्याचे कारण नाही. माणूस आपल्या काळाच्या मर्यादेत वाढतो. त्या मर्यादेची झळ लागल्यावर तो काय करतो, हे महत्त्वाचे ठरते. शाहू महाराज कायद्याकडे वळले.

गॅझेटातील क्रांती

१९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. १९१९ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहाला मान्यता देणारा कायदा आला. विठ्ठलभाई पटेलांनी दिल्लीच्या कायदेमंडळात अशाच आशयाचे विधेयक मांडले होते. सनातन्यांच्या विरोधामुळे तेथे ते तडीस गेले नाही. करवीरात मात्र तो विचार कायदा बनला. त्याच वर्षी काडीमोडीचा कायदा झाला. तोवर काडीमोड हा बहुतांशी जातपंचायतीच्या मर्जीचा विषय होता आणि पंचायतीत स्त्रीला स्थान नव्हते. हा विषय कायद्याच्या चौकटीत आल्यामुळे असह्य संसारातून बाहेर पडण्याची वाट पंचांच्या हातून सुटली. सुधारणेत आघाडीवर असलेल्या बडोदे संस्थानातही घटस्फोटाचा कायदा होण्यास १९३१ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूरच्या पावलाचे महत्त्व कळते.

या मालिकेतील सर्वांत धाडसी पाऊल म्हणजे स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९१९ चा कायदा. मारहाणीविरुद्ध दंडसंहितेत तरतूद होतीच. मग वेगळ्या कायद्याची गरज काय, असा प्रश्न तेव्हाही पडला असेल. त्याचे उत्तर घराच्या रचनेतच आहे. रस्त्यावरच्या मारामारीला साक्षीदार मिळतात. माजघरातील छळाचे साक्षीदार छळ करणाऱ्यांचेच आप्त असतात. जखम दाखविता येते, पण उपासमार, कोंडून ठेवणे, रोजचा पाणउतारा यांचे वळ अंगावर उमटत नाहीत. करवीरच्या कायद्याने शारीरिक छळाबरोबर मानसिक छळही गुन्ह्याच्या कक्षेत आणला आणि दोषींसाठी कैद व दंडाची शिक्षा ठेवली. भारतीय दंडसंहितेत पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे कलम ४९८-अ दाखल झाले ते १९८३ मध्ये, म्हणजे तब्बल चौसष्ट वर्षांनी.

जोगतिणींचा हक्क

१९२० च्या जानेवारीत अनौरस संतती व जोगतिणींविषयीचा कायदा आला. कोल्हापूरचा दक्षिण भाग व लगतचा कर्नाटक हा यल्लम्माच्या भक्तांचा प्रदेश. कोवळ्या वयात देवीला सोडलेली मुलगी वयात आल्यावर कोणाच्या तरी वासनेची धनीण व्हायची. तिची संमती कोणी विचारीत नसे आणि तिच्यावरील अत्याचाराला धर्माचे नाव मिळे. देवीला वाहिल्यामुळे माहेरशी नाते तुटले, असे मानून तिला वडिलोपार्जित मालमत्तेतूनही वगळले जाई. शाहूंच्या कायद्याने नेमक्या याच जागी बोट ठेवले. जोगतिणीचा माहेरच्या मालमत्तेवरील वारसाहक्क आणि अनौरस मुलांचा हक्क त्याने मान्य केला.

देहाच्या सुरक्षिततेचा प्रश्न केवळ शिक्षेने सुटत नाही. डोक्यावर छप्पर आणि हातात दोन पैसे नसतील, तर स्त्रीला नकार देण्याची मुभाच उरत नाही. स्त्रीवादी चळवळीने पुढे अनेक दशके हेच सूत्र मांडले. या कायद्याने प्रथा मुळातून उखडली गेली नाही, ही त्याची मर्यादा. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद भरवावी लागली आणि महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा २००५ मध्ये करावा लागला, यावरून ती रूढी किती चिवट होती हे दिसते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाची अठ्ठेचाळिशीही पूर्ण होण्याआधी, शाहू महाराजांचे निधन झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि करवीरचे हे कायदे दप्तरात जमा झाले.

अपुरा राहिलेला धडा

स्वतंत्र भारतात या प्रश्नाची लढाई जणू पुन्हा पहिल्यापासून लढावी लागली. विदर्भातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, या तर्काविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घरातील लैंगिक छळाचीही स्पष्ट नोंद घेतली. तरीही अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेरच राहिली. जुलै २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा अपवाद तसाच ठेवला. १८९१ मध्ये बारा वर्षांखालील पत्नीच्या बाबतीत पतीचा अधिकार कायद्याने नाकारला होता. पत्नीच्या संमतीला वयाची अट न घालता मोल द्यावयाचे की नाही, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सीपीआरच्या परिसरात, ज्या रुग्णालयात कृष्णाबाई केळवकर स्त्रियांची दुखणी ऐकत, त्याच्या शेजारी आता उच्च न्यायालयाचे काम चालते. गडहिंग्लज-चंदगडच्या स्त्रीला दाद मागण्यासाठी मुंबई गाठण्याची सक्ती त्यामुळे उरलेली नाही. कायदा स्त्रीच्या दारापर्यंत नेण्याचे शाहू महाराजांचे काम या अर्थाने एक पाऊल पुढे सरकले आहे. दसरा चौकातील त्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणाऱ्या शहराने त्यांचे १९१९ चे गॅझेटही एकदा उघडून पाहिले, तर उंबरठ्याच्या आत काय करावयाचे राहिले आहे, हे सहज ध्यानी येईल.