वैर वारशात न देणारा बाप

पाली भाषेचा पहिला इंग्रजी कोश १८७२ ते १८७५ या काळात दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो रचणारे गृहस्थ म्हणजे रॉबर्ट सीझर चिल्डर्स. सिलोनच्या मुलकी सेवेत त्यांनी काही वर्षे काढली, तिथेच बौद्ध ग्रंथांची गोडी लागली, आणि कोश पुरा झाल्यावर वर्षभरातच, १८७६ साली, क्षयाने ते वारले. बौद्ध वाङ्मयाच्या वाचनात या कोशाशी माझा परिचय झाला आणि कोशकर्त्याच्या घरात पुढे कोण काय झाले, हे पाहावेसे वाटले. लंडनमधल्या या विद्वानाच्या घरातून निघालेला माझा माग डब्लिनच्या एका लष्करी बराकीच्या आवारात जाऊन थांबला. तिथे १९२२ साली कोशकर्त्याच्या मुलाला गोळ्या घालण्यात आल्या होत्या. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी तो झगडला होता. आणि त्याला मारणारे सरकार इंग्रजांचे नव्हते, आयरिश लोकांचेच होते!

आयर्लंडमध्ये आजा-पणजाचा शोध हा घरोघरचा विषय आहे. लढ्यात भाग घेतलेल्यांचे जबाब तिथल्या सरकारने १९४७ ते १९५७ या काळात नोंदवून घेतले. असे १७७३ जबाब जमले आणि २००३ साली ते सर्वांना खुले झाले. १९१६च्या उठावात आपला आजोबा होता, असे सापडले की घराला अभिमान वाटतो. अवघड प्रश्न पुढचाच असतो. १९२२ साली, जेव्हा भाऊ भावावर उठला, तेव्हा आजोबा कोणत्या बाजूला होता? चिल्डर्स घराण्याची कथा मला वाचनीय वाटते, ती याच प्रश्नासाठी.

अर्स्किन चिल्डर्सचा जन्म २५ जून १८७० चा, लंडनचा. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आईलाही क्षयाने गाठले आणि काही वर्षांनी तीही गेली. पोरकी भावंडे आयर्लंडच्या विक्लो परगण्यात, मामाच्या घरी वाढली. ॲनामो गावाजवळचे ते घर म्हणजे ग्लेन्डलॉक हाउस. चिल्डर्स आणि बार्टन या दोन घरांत आपल्याकडच्यासारखे साटेलोटे झाले होते. मामा बार्टनने अर्स्किनच्या आत्याशी लग्न केले होते. त्यामुळे त्यांचा मुलगा रॉबर्ट बार्टन हा अर्स्किनचा मामेभाऊही होता आणि आतेभाऊही. हे नाते ध्यानात ठेवावे, कारण कथेच्या शेवटी हेच घर पुन्हा येते.

तरुणपणी अर्स्किन पक्का साम्राज्यवादी होता. केंब्रिजला शिकला, ब्रिटिश पार्लमेंटात कारकून झाला. १९०० साली बोअर युद्धात स्वेच्छेने गेला. शिडाच्या होडीतून उत्तर समुद्र पालथा घालायचा त्याला नाद होता. त्या अनुभवावर त्याने १९०३ साली 'द रिडल ऑफ द सॅन्ड्स' ही कादंबरी लिहिली. जर्मनी समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून येईल, असा इशारा देणारी ही कथा तुफान खपली. इंग्रजी हेरकथांच्या आरंभीच्या पुस्तकांत आजही तिचे नाव घेतात. १९०४ साली बोस्टनच्या मॉली ऑस्गुडशी त्याचे लग्न झाले. सासऱ्याने भेट म्हणून नॉर्वेत खास बांधवून घेतलेली होडी दिली. तिचे नाव 'आसगार्ड'. मॉली लहानपणच्या अपघातामुळे पायाने अधू होती, पण समुद्रावर ती नवऱ्याच्या बरोबरीने सुकाणू धरी.

हळूहळू माणूस बदलला. होमरूल हा शब्द टिळक आणि ॲनी बेझंट यांच्यामुळे आपल्या घराघरांत पोचला, पण तो मूळचा आयर्लंडचा. त्या होमरूलचा आराखडा मांडणारा ग्रंथ चिल्डर्सने १९११ साली लिहिला, आणि तीन वर्षांनी लेखणीच्या पलीकडे पाऊल टाकले. उत्तरेकडच्या होमरूलविरोधकांनी उघडउघड शस्त्रे आणली होती. तेव्हा आयरिश स्वयंसेवकांसाठी हॅम्बुर्गहून १५०० जुन्या रायफली विकत घेण्यात आल्या. त्यांतल्या ९०० आणि २९ हजार काडतुसे भर समुद्रात 'आसगार्ड'वर चढवली गेली. होडीत नवराबायको, मेरी स्प्रिंग राइस ही त्यांची मैत्रीण, एक इंग्रज लष्करी अधिकारी आणि डोनेगलचे दोन कोळी. बंदुकांच्या राशीवरच ही मंडळी जेवत आणि झोपत! २६ जुलै १९१४ रोजी भर दुपारी होडी डब्लिनजवळ हाउथ बंदरात लागली. १९१६च्या उठावात याच बंदुका वाजल्या.

आता खरी गंमत पाहा. हाउथनंतर नऊ दिवसांत पहिले महायुद्ध पेटले आणि हाच बंदूकवाहक ब्रिटिश नौदलात दाखल झाला! छोट्या राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठी युद्ध, या घोषणेवर त्याचा विश्वास होता. समुद्री विमानांतून त्याने टेहळणी केली, शौर्यपदक मिळवले. पण १९१६च्या उठावाचे पुढारी इंग्रजांनी एकामागून एक गोळ्या घालून मारले, आणि त्याचा तो विश्वास ढासळत गेला. १९१९ साली तो बायकामुलांसह डब्लिनला राहायला आला आणि स्वातंत्र्याच्या प्रचाराचे काम अंगावर घेतले. १९२१ साली तो आयरिश प्रतिनिधीसभेवर निवडूनही आला.

त्याच वर्षी लंडनमध्ये तहाची बोलणी झाली. आयरिश शिष्टमंडळात आर्थर ग्रिफिथ, मायकेल कॉलिन्स, मामेभाऊ रॉबर्ट बार्टन. आणि चिटणीस चिल्डर्स. ६ डिसेंबर १९२१ रोजी तह झाला. राज्य मिळाले, पण साम्राज्याच्या आतले. आणि सभासदांनी राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. बार्टनने मनाविरुद्ध सही केली. चिल्डर्सचा तहाला ठाम विरोध होता. जानेवारी १९२२ मध्ये ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला आणि घरोघरी भिंत उभी राहिली. ग्रिफिथने भर सभागृहात चिल्डर्सला इंग्रज म्हणून हिणवले. ज्या देशासाठी त्याने जन्मभूमी सोडली तिथे तो परका ठरला, आणि इंग्लंडमध्ये तर केव्हाच फितूर ठरला होता.

जूनमध्ये यादवी सुरू झाली. ऑगस्टमध्ये ग्रिफिथ वारला आणि दहा दिवसांनी कॉलिन्स गोळीबारात पडला. सरकारने कायदा कडक केला: विनापरवाना शस्त्र सापडले तर लष्करी न्यायालय देहान्ताची शिक्षा देऊ शकेल. चिल्डर्स दक्षिणेत प्रजासत्ताकवाद्यांचे पत्रक काढत फिरत होता. डी व्हॅलेराच्या भेटीला निघाला असता वाटेत तो मुक्कामाला थांबला ग्लेन्डलॉक हाउसमध्ये, जिथे तो लहानाचा मोठा झाला होता. १० नोव्हेंबरला तिथेच तो पकडला गेला. त्याच्याजवळ एक चिमुकले पिस्तूल सापडले. दोघे एका बाजूला असताना कॉलिन्सनेच ते त्याला भेट दिले होते. त्या भेटीवरून त्याला देहान्त ठोठावला गेला. अपिलाचा निकाल लागायच्या आत, २४ नोव्हेंबर १९२२ रोजी, बेगर्स बुश बराकीत शिक्षा अमलात आली. गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी त्याने आधी हस्तांदोलन केले, आणि त्यांचे काम सोपे व्हावे म्हणून एखाद-दोन पावले पुढे यायला सुचवले.

पण मी ज्या गोष्टीपाशी थबकलो ती त्याआधीची. सोळा वर्षांचा थोरला मुलगा तुरुंगात शेवटचा भेटायला आला, तेव्हा बापाने त्याच्याकडून दोन वचने घेतली. माझ्या देहान्ताच्या हुकुमावर ज्यांनी ज्यांनी सही केली त्या प्रत्येकाला शोधून त्याचा हात हातात घे, हे पहिले. आणि पुढे राजकारणात गेलास तर माझ्या मरणाविषयी जाहीरपणे बोलू नकोस, हे दुसरे. ज्या वयात पोराच्या मनात सूड पेरायला कुणाला कष्ट पडत नाहीत, त्या वयाच्या पोराकडून घेतलेली ही वचने आहेत.

तो मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९३८ साली निवडून आला. समोरच्या बाकांवर कॉस्ग्रेव्ह बसले होते. बापाला मारले तेव्हा सरकारचे प्रमुख तेच होते. शेजारी मल्काही, त्या वेळचे सेनापती. त्याच सभागृहात त्याने पस्तीस वर्षे काम केले, अनेक खाती सांभाळली, उपपंतप्रधान झाला. बापाच्या रक्ताचे भांडवल केले नाही. १९७३ साली तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. विरोधी उमेदवार होते टॉम ओहिगिन्स. त्यांचे काका केव्हिन ओहिगिन्स १९२२च्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते, आणि १९२७ साली प्रजासत्ताकवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले होते. एका घरचा बाप गेलेला, दुसऱ्या घरचा काका. हिशेब चुकता करायला याहून मोठा आखाडा कोणता! पण फैसला मतपेटीत झाला.

'आसगार्ड' होडी आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते संग्रहालय ज्या जुन्या बराकीत आहे तिला नाव कॉलिन्सचे आहे. देशांना अशी समजूत यायला अनेक दशके लागतात. एका बापाने ती तुरुंगाच्या कोठडीत, काही मिनिटांच्या भेटीत मुलाला दिली. पूर्वजांचा शोध घेताना आपण त्यांनी गाजवलेले पराक्रम मोजतो. त्यांनी कोणते वैर आपल्यापर्यंत पोचू दिले नाही, याची नोंद कुठल्या दफ्तरात सहसा मिळत नाही. चिल्डर्सच्या घरात ती मिळते. मुलाने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तो दिवस होता २५ जून १९७३. बापाचा जन्मदिवस.