गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट, १९०७ – ८ ऑक्टोबर, १९९६) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, साम्यवादी नेत्या, शेतकरी चळवळीच्या संघटक व मराठी लेखिका होत्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) डहाणू व तलासरी परिसरातील वारली आदिवासींच्या १९४५ सालच्या उठावाचे त्यांनी नेतृत्व केले. या लढ्याची हकिकत सांगणारे जेव्हा माणूस जागा होतो हे त्यांचे पुस्तक मराठीत विशेष गाजले.

पूर्वायुष्य

गोदावरीबाईंचा जन्म पुणे येथील गोखले कुटुंबात झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे नामांकित वकील होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९३२ साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांना कारावास झाला. पुढे त्या भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. मुंबईत त्यांनी साक्षरता प्रसाराचे व घरकामगारांच्या संघटनेचे काम केले. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धविरोधी प्रचारामुळे १९४० ते १९४२ या काळात त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

वारली उठाव

डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील बहुतेक जमीन सावकार व जमीनदारांच्या हाती गेली होती. कुळांना त्यांच्या शेतावर विनामोबदला वेठ करावी लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण त्या कर्जापायी पत्नीसह सावकाराचा बांधील गडी होई. अशा गड्यास लग्नगडी म्हणत. अक्षरओळख जवळपास नसल्याने वर्तमानपत्र किंवा लेखी तक्रार हे मार्ग वारल्यांना उपलब्ध नव्हते. त्यामुळे पाड्यापाड्यांवरील बैठका व तोंडी निरोप हीच चळवळीची साधने ठरली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर २३ मे, १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. यापुढे वेठ करायची नाही, असा निश्चय तेथे झाला. गोदावरीबाई गावोगाव फिरल्या. अल्पावधीतच वेठ बंद पडली व लग्नगडी मुक्त झाले. पुढे मुंबईला जाणाऱ्या गवताच्या कापणीसाठी ५०० पौंडांस अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी संप झाला.

१० ऑक्टोबर, १९४५ रोजी तलवाडा येथे गोदावरीबाईंची सभा असून त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी पसरवण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी हजारो वारली जमले. पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासींचा मृत्यू झाला. हा दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९४६ साली निवडून आलेले प्रांतिक सरकार अधिकारावर असतानाही दडपशाही थांबली नाही व परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर हद्दपार करण्यात आले. शामरावांनी १९४७ मध्ये या उठावावर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध करून वारल्यांची बाजू मांडली.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९५७ साली शामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६० च्या दशकात दोघांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. ३ ऑगस्ट, १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात शामरावांचे निधन झाले. पतीच्या पश्चातही गोदावरीबाईंनी आदिवासी भागातील काम चालू ठेवले. पक्षफुटीनंतर त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात होत्या. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या.

लेखन

जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी कागदपत्रांत ज्यांची नोंद कूळ, ऋणको किंवा आरोपी एवढीच होती, त्या माणसांची भीती, त्यांचे प्रश्न आणि त्यांनी स्वतः घेतलेले निर्णय त्यात नावानिशी आले आहेत. गोळीबार व वेठ यांविषयीची प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून आदिवासी चळवळींच्या अभ्यासात या पुस्तकाला महत्त्व आहे. बंदिवासाची आठ वर्षे या पुस्तकात त्यांनी तुरुंगातील अनुभव लिहिले आहेत.

सन्मान व स्मारक

जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकाला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कारानेही त्यांचा गौरव झाला. तलासरी येथील महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.