झाशीच्या राणीची हिंदुस्थानी

काशीस मोरोपंत तांबे यांच्या पोटी जन्मलेली मनकर्णिका वाढली ती बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास असलेल्या मराठी मंडळींत. घरी मराठी आणि उंबरठ्याबाहेर गंगाकाठची बोली, असे ते दुभाषी बालपण होते. १८४२ साली झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. झाशीतही वाड्यात मराठी व पेठेत बुंदेली चाले.

१८५१ साली झालेला पुत्र काही महिन्यांतच वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या गंगाधररावांनी दत्तक घेतला व २१ तारखेस ते निवर्तले. डलहौसीने दत्तकविधान नामंजूर करून १८५४ साली संस्थान खालसा केले. त्याच वर्षी राणीसाहेबांनी जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी बोलाविले. पडद्याआडून संभाषण झाले. विलायतेस अर्ज करावा आणि तोवर निषेध नोंदवून तनखा घ्यावा, असे लँगने सुचविताच राणीसाहेबांनी झाशी देण्याचे साफ नाकारले. पुढे रणघोषणा मानले गेलेले ते उद्गार मूळचे असे बैठकीतील बोलण्यात, तनख्याच्या प्रश्नावर निघालेले आहेत.

लँगने ते रोमन लिपीत जसे टिपले, तसे त्यांचे व्याकरण विलक्षण आहे. ‘झाशी’ स्त्रीलिंगी असता विशेषण ‘मेरा’, आणि एकवचनी ‘मेरा’पुढे क्रियापद अनेकवचनी ‘देंगी’! ‘मेरा’चा दोष मराठीच्या माथी मारता येत नाही, कारण मराठीतही झाशी स्त्रीलिंगीच. साहेबलोकांच्या हिंदुस्थानीत सरसकट पुल्लिंग वापरण्याची खोड होती. तो लँगच्या कानाचा वा लेखणीचा प्रमाद असावा. ‘देंगी’चे मात्र तसे नाही. काशीकडे एकटा माणूसही स्वतःस ‘हम’ म्हणतो, आणि मराठी राजघराण्यांत ‘आम्ही’ रूढच होते. राणीसाहेबांच्या तोंडी ते रूप अगदी शोभणारे आहे.

खरी मराठी खूण असलीच तर ती लिंगवचनात नव्हे, स्वामित्वदर्शक शब्दात आहे. मी माझे घर विकणार नाही, असे मराठी माणूस बिनदिक्कत म्हणतो. प्रमाण हिंदीत अशा ठिकाणी ‘अपना’ योजावे लागते. हिंदी बोलणारा मराठी माणूस आजही या एका जागी हटकून ओळखू येतो. अर्थात बोलचालीत हिंदीभाषकही हा नियम मोडतात, तेव्हा यावरून निर्णय देणे धाडसाचे होईल.

तनखा नाकारणाऱ्या राणीसाहेबांचे अर्ज फेटाळले गेले. जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला. पुढील वर्षी मार्चअखेर सर ह्यू रोजने शहरास वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी झाशी पडली. काळपीमार्गे ग्वाल्हेरीस पोहोचलेल्या लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये कोटा की सराय येथील लढाईत पडल्या. लँगचे प्रवासवर्णन १८५९ साली लंडनला छापले गेले. पुढे ‘मेरा’चे ‘मेरी’ आणि ‘देंगी’चे ‘दूँगी’ झाले. कोणी ‘अपनी’ही घातले, पण लोकांच्या जिभेवर बसली ती ‘मेरी’च.