बाबासाहेबांचे मूळ गाव कोणते?

उल्हासनगर कॅम्प ४ मधला आपला तरुण जातीचा दाखला काढायला निघाला की पहिलाच प्रश्न येतो, मूळ गाव कोणते? १० ऑगस्ट १९५० रोजी वाडवडील कोठे राहत होते, याचा पुरावा अनुसूचित जातीच्या माणसाला द्यावा लागतो. बाप इथेच राबला, पोरगा इथेच जन्मला, तरी पुराव्यासाठी एस.टी. धरायची ती गावाची. ज्या गावकुसाबाहेरून आजोबा पोटासाठी निघाले, त्याच गावाची! वकिलीत हे आम्ही नेहमी पाहतो. म्हणून हाच प्रश्न आम्ही बाबासाहेबांच्या चरित्राला विचारला.

सकपाळांचे गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. त्या गावाचे नाव बाबासाहेबांच्या आडनावात राहिले. पण त्यांचा जन्म झाला १४ एप्रिल १८९१ रोजी, महूच्या लष्करी छावणीत. सुभेदार रामजी पेन्शनीत निघाल्यावर बिऱ्हाड दापोलीला, मग साताऱ्याला, पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. साताऱ्यात असताना वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांना मसूर स्टेशनवर जात कळताच गाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन रात्रभर तहानेने व्याकूळ होत जावे लागले. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनची विद्या घेऊन बाबासाहेब बडोद्यास गेले. तिथे नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. पारशी नाव लावून धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. १९३१ मध्ये मणिभवनात त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले की, आपल्याला मायभूमीच नाही. ते असे का म्हणाले, हे या प्रवासावरून कळते.

पण बाबासाहेब रडत बसले नाहीत. दादरला त्यांनी स्वतःचे घर बांधले, बुद्धकाळातल्या नगरीवरून त्याला राजगृह नाव दिले आणि ते ग्रंथांनी भरले. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. फाळणीनंतर सिंधमधल्या सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली निघू दिले जात नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी त्याबद्दल नेहरूंना पत्र लिहिले. त्याच सिंधमधून घर हरवून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. मागाहून दुष्काळाने आणि जातीने हुसकलेला आपला माणूसही इथेच आला. आमच्या मते निर्वासित दोघेही, पण आपल्याला कोणी निर्वासित म्हटले नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ठणकावले. घटनेचा पाया गाव नव्हे, व्यक्ती धरली. आज कलम १९ प्रमाणे भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. छावणीत जन्मलेल्या माणसाने आपल्याला दिलेला हा खरा सातबारा!

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. अंत्यसंस्कार आंबडव्यात नाही, महूत नाही, दादरच्या समुद्रकाठी झाले. तिथे दरवर्षी लाखो लोक येतात, आणि कोणी कोणाला मूळ गाव विचारत नाही.

बांधवांनो, पुराव्यासाठी गावी जरूर जा. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूचा उतारा मागा, तो आपला हक्क आहे. पण मान खाली घालून मागू नका. गावाकडून फक्त कागद आणा. आपले घर कोणते, हे ठरवायचा अधिकार गावाला देऊ नका.

जयभीम!